खुशालराव पाटलांनी मिळकत उतरविल्याची बखर

श्री.

राजमान्य राजेश्री खुशालराव पाटील, मौजे बोरखेड, परगणे अकोट, प्रांत वऱ्हाड, यांनी सेवकास समोर बसवून आज्ञा केली जे, थोरांच्या घराण्यांत तलवारीच्या बखरी असतात, आमच्या घरी तलवार नाही, एक विळा आहे तोही मुठीत हलतो, तथापि आम्ही एक मोहीम केली आणि फत्ते पावलो, तिची हकीकत आमची फजिती न वगळता लिहावी, कारण फजिती वगळिली तर दीड ओळ उरेल. त्यावरून अकोटच्या शाळेचे पंतोजी मोरोपंत यांनी बोरू हाती घेतला. या मोहिमेत पहिला वार याच बोरूने जाहला आणि तो आपल्याच पक्षावर जाहला, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

शके सत्राशे पंच्याऐंशी, रुधिरोद्गारी नाम संवत्सर. दर्यापार अमेरिका म्हणून मुलूख आहे, तेथे गोऱ्यांची गोऱ्यांशी लढाई लागली आणि तिकडचा कापूस बंद पडला, मग विलायतेचे गिरणीवाले आमच्या वऱ्हाडाकडे डोळे लावून बसले, आणि कापसाचा भाव असा चढला की काल जो माणूस अंगरखा उसना नेत होता तो आज अत्तर लावून उकिरड्यावर जाऊ लागला. कोणी बैलांस जरीची झूल घातली, कोणी चाकांस चांदी लाविली. खुशालरावांनीही आपल्या बंडीच्या चाकांच्या तुंब्यांवर, म्हणजे मधल्या लाकडी गाभ्यांवर, पांढरीशुभ्र कडी बसविली. ती चांदीची आहेत असे पाटील कधी बोलिले नाहीत, परंतु कोणी चांदीची म्हटले तर नाही असेही बोलिले नाहीत.

अशा समयी सरकारने इन्कमट्याक्स नामे नवा कर जारी केला. ज्याची आमदनी मोठी त्यास छापील कागद यावा, त्याने आपली मिळकत आपण होऊन त्यात भरावी, आणि शेकडा चार रुपये सरकारात द्यावे, ऐसा कायदा. इतर प्रांती लोक हा कागद पाहून लपले असतील. वऱ्हाडात निराळेच जाहले. कागद मातबरांसच येतो अशी आवई उठली, आणि ज्यास आला त्याचा मान वाढला, आणि ज्यास न आला त्याच्या घरी चूल पेटेना. बोरखेडचे किसनराव तर भर चावडीत उभे राहून विचारते जाहले की, "मले कावून नाई आला कागद? मी काय भिकारी हाय?" खुशालरावांचा कागद मात्र वेशीपासून वाजंत्री लावून वाड्यावर आणिला, आणि पाटलीणबाई मैनाबाई यांनी त्यास ओवाळिले. कर ओवाळून घेणारा गाव त्रिभुवनात दुसरा नसेल.

मग कागद भरावयाचा दरबार भरला. पाटील लोडास टेकून बसले, मोरोपंत बोरू घेऊन बसले, मध्ये तिळाच्या लाडवांचे ताट. नाव, बापाचे नाव, गाव, एवढे ठाणे विनासायास काबीज जाहले. पुढे 'मिळकत' नामे घर आले. आता येथे एक राजकारण होते. पाटलांची कन्या जमुना इची सोयरीक अकोल्याचे नत्थुजी देशमुख यांचे पुत्र सूर्यभान यांशी ठरली होती, सुपारी फुटली होती, लग्न वैशाखात. जमुनेने सूर्यभानास यात्रेत एकदाच पाहिले, आणि तेव्हापासून तिच्या हातच्या भाकरी करपू लागल्या, यावरून काय ते समजावे. तर नत्थुजींनी आपल्या कागदात चार हजार भरिले अशी पक्की बातमी होती. खुशालरावांची खरी मिळकत बाराशे. पाटलांनी क्षणभर आढ्याकडे पाहिले आणि हुकूम केला, "लिहा पंत, पाच हजार. चारापरीस एक तं जास्त पाह्यजे ना. पोरीकडचे हाओ म्हनून काय झालं?"

दारातून मैनाबाई म्हणाल्या, "अवो, पन त्यावर पैसे द्या लागतीन ना?" त्यांस गप्प राहण्याचे फर्मान जाहले. मोरोपंतांनी या वेळी दोन शब्द बोलावयाचे होते. परंतु त्यांच्या तोंडात लाडू होता, आणि लाडू संपला तोवर शाई वाळली होती.

दीड महिन्याने सरकारची चिठ्ठी आली की, पाच हजारांवर दोनशे रुपये महिन्याचे आत भरावे. या वेळी वाजंत्री नव्हती. दोनशे म्हणजे राजा-परधान ही बैलजोडी, जिच्या खांद्यावर सगळी शेती. जोडी विकावी तर पुढल्या साली नांगर कोण ओढील? आणि खरे सांगावे तर नत्थुजी म्हणतील की हे घर खोटे, आणि फुटलेली सुपारी परत करतील. आतल्या खोलीत जमुना उंबऱ्याशी उभी राहून सर्व ऐकत होती. त्या दिवशी एकही भाकरी करपली नाही, आणि हे पाहून पाटलांनी अर्धी भाकर ताटातच ठेविली.

मग मसलत बसली. मोरोपंतांनी चष्मा पुसून चिठ्ठीची मागली बाजू वाचिली, जी वाचण्याची तसदी आजवर कोणी घेतली नव्हती. तीत असे होते की, चुकीने जास्त मिळकत लिहिली गेल्यास दुरुस्तीचा अर्ज करावा, आणि स्वतः कर भरणारा एक मातबर साक्षीदार आणावा, त्याने शपथेवर सांगावे की या इसमाची मिळकत इतकी नाही. हे ऐकून पाटलांस धीर आला, कारण पंचक्रोशीत असे पाच मातबर होते आणि पाचही त्यांचे स्नेही.

परंतु पाचही किल्ले झुंजले. ज्याच्या दारी जावे तो सुपारी पुढे करी, आणि साक्षीचे नाव काढताच कानांस हात लावी. एक म्हणाला, "पाटील, तुमाले गरीब म्हनाले आमची जीभ नाई उचलत." दुसरा म्हणाला, "तुमी बाराशेचे निंगाले तं आमी काय दीडशेचे? राहू द्या बाप्पा, झाकली मूठ." वर्षभर पाटलांनी जो डौल मिरविला तो लोकांनी इतका मनापासून मानला होता की आता तो परत घ्यावयास कोणी तयार होईना.

दुरुस्तीच्या सुनावणीचे इजलास दोन ठिकाणी, अकोल्यास आणि अमरावतीस. अकोला जवळ, परंतु तेथे व्याही. तेव्हा पाटलांनी मनसुबा केला की दुप्पट मजल पडली तरी अमरावतीसच जावे, साक्षीदार वाटेत मिळेल तर मिळेल, पण नत्थुजींस खबर लागू देऊ नये. घरी असे सांगितले की आम्ही सरकी पाहावयास जातो. माघ शुद्ध पक्षी फौज कूच करिती जाहली. फौज म्हणजे बैल दोन, पंतोजी एक, भाकरीठेच्याचे गाठोडे एक, आणि मैनाबाई, ज्यांस कोणी बोलाविले नव्हते पण त्या बंडीत आधीच बसल्या होत्या. पहिला मुक्काम अंजनगाव, दुसरा आसेगावी पूर्णेच्या काठी, तिसरे दिवशी अमरावती.

तेथील कचेरीस ओसऱ्या तीन. पहिल्या ओसरीवर सांगितले की हे दुसरीचे काम. दुसरीवर सांगितले की अर्ज स्टांपाच्या कागदावर पाहिजे. स्टांप आणिला, तो मोरोपंतांनी शक घातला, तेथे इसवी सन पाहिजे होता. दुसरा आणिला, त्यात बापाचे नाव राहिले. तिसऱ्या कागदावर मोरोपंतांनी घाबऱ्याघुबऱ्या अर्जदाराच्या जागी आपलेच नाव लिहिले, आणि तो कागद आत जाऊन परत येईतो घटकाभर अकोटचे पंतोजी पाच हजारांचे धनी जाहले. त्या घटकेत त्यांनी उपरणे सारखे केले आणि मिशीवरून हात फिरविला, हेही लपवू नये.

अखेर कमलाकांतपंत नामे वृद्ध कारकुनास दया आली. त्यांनी मोरोपंतांच्या हातातून बोरू काढून घेतला, आपल्या हाते अर्ज नीट उतरविला आणि समजूत घातली की, "वाईट वाटून घेऊ नका. मिळकत लपविणारा एक येतो तोवर फुगविणारे दहा येतात. यंदा सगळ्या वऱ्हाडास हाच रोग आहे. साक्षीदार तेवढा उभा करा." आणि साक्षीदार तर नव्हता.

पाटील हताश होऊन ओसरीच्या खांबाशी टेकले, तो खांबाच्या पलीकडे कोणी गृहस्थ पागोटे पुढे ओढून तोंड लपवून बसलेले. पाटलांनी पागोटे ओळखिले. सुपारीच्या दिवशी ते त्यांनीच व्याह्यांस बांधिले होते. नत्थुजींनीही मान वळविली, आणि उभयतां एकमेकांस पाहून असे दचकले की मधला खांब नसता तर आपटले असते. खुशालराव म्हणाले, आम्ही सरकी पाहावयास आलो. नत्थुजी म्हणाले, आम्ही डोळे दाखवावयास आलो. कचेरीत सरकी मिळत नाही आणि वैद्यही बसत नाही, हे दोघांसही ठाऊक होते. तरी दोघांनी मान डोलाविली.

इतक्यात आतून पुकारा जाहला, आणि पुकारणाऱ्या शिपायाचा आवाज तोफेसारखा. "नत्थुजी देशमुख, अकोला, मिळकत कमी करने! खुशालराव पाटील, बोरखेड, मिळकत कमी करने!"

ओसरीवर अडीचशे माणूस. सगळे वळून पाहू लागले. खुशालराव म्हणतात की त्या क्षणी पूर्णेस पूर येऊन कचेरी वाहून जाती तर बरे वाटले असते. मग नत्थुजींनी हळूच विचारिले, "इवाई, साक्षीदार हाय का तुमच्यापाशी?" पाटील म्हणाले, "नाई. तुमच्यापाशी?" ते म्हणाले, "नाई." आणि दोघे बरोबरीने आत गेले, कारण दोघांसही एकदमच उमगले की तह करण्यास याहून चांगली वेळ येणार नाही.

इजलासावरच्या गोऱ्या साहेबापुढे नत्थुजींनी शपथ घेतली की या पाटलांची मिळकत पाच हजार असणे शक्य नाही, आणि पाटलांनी शपथ घेतली की या देशमुखांची चार हजार असणे त्याहून शक्य नाही. आजवर कोणत्याही व्याह्यांनी एकमेकांस इतके मनापासून गरीब म्हटले नसेल. परंतु साहेब कसलेला. त्याने खिडकीकडे बोट केले. आवारात पाटलांची बंडी उभी, आणि दुपारच्या उन्हात चाकांवरची कडी लखलखत होती. साहेबाचा हुकूम जाहला की, ज्याच्या चाकांस चांदी आहे त्याचा अर्ज नामंजूर, आणि दोघां सोयऱ्यांनी मिळून खोटी शपथ घेतली असेल तर दंडही होईल.

दोन्ही सेनापतींचे अवसान गळाले. पाटलांस तोंड उघडवेना, कारण उघडले तर जे निघावयाचे ते व्याह्यांसमोर निघावयाचे. तेव्हा ओसरीवरून सर्व ऐकणाऱ्या मैनाबाई पदर खोचून आवारात उतरल्या, एक खापर उचलले, आणि सर्व कचेरी पाहात असता तुंब्यावरचे कडे खरवडू लागल्या. खापर निसटून अंगठा कापला, तरी थांबल्या नाहीत. संवत्सराच्या नावाप्रमाणे रक्त सांडले ते एवढेच. पांढरे निघाले आणि खाली काळे लोखंड दिसू लागले. मग त्या खिडकीकडे पाहून बोलल्या, "कल्हई हाय साहेब. शालिकराम कल्हईवाल्याकून करून आनली. चांदी असती तं म्या चाकाले राहू देली असती काय? कवाच पायात घातली असती!"

सगळी कचेरी हसली. साहेबही हसला. पाटील मात्र खाली मान घालून उभे, की आता व्याही काय म्हणतात. नत्थुजींनी खिडकीतून ते खरवडलेले कडे निरखून पाहिले. मग म्हणाले, "माह्या बैलायच्या शिंगायच्या शेंब्या बी त्याच शालिकरामच्या हातच्या." आणि जवळ येऊन, आवाज उतरवून म्हणाले, "इवाई, खरं सांगतो, तुमच्या चाकायची चांदी पाह्यली तवापासून मले झोप नवती. येवढ्या मोठ्या घरची पोरगी माह्या घरी भाकर-ठेचा कशी खाईन, त्याचाच घोर लागून राह्यला होता. म्हनून मी चार लिहिले. आता पोरीले सुखानं पाठवा."

पाटलांनी व्याह्यांचा हात धरिला तो बराच वेळ सोडिला नाही. मैनाबाई अंगठा पदरात धरून रडल्या, आणि ते अंगठ्याकरिता नव्हते. दोन्ही अर्जांवर शिक्कामोर्तब जाहले. पाटील बाराशे, देशमुख हजार. मग कमलाकांतपंतांच्याच दौतीतून शाई घेऊन व्याह्यांचा तहनामा ठरला की, लग्नात हत्ती आणू नये, आतषबाजी उडवू नये, मानपानाची लुगडी निम्मी करावी, आणि कोणी किती कागदात भरले हे पुन्हा कोणी कोणास विचारू नये.

स्वारी परत आली ती चांगली दिवसाउजेडी. गावास खबर आधीच पोचली होती, आणि पाटील गरीब ठरून येत आहेत म्हणून हसे होईल असे मोरोपंतांस भय होते. परंतु सरकारी शिक्क्याचा कागद तो सरकारी शिक्क्याचा कागद. वेशीवर वाजंत्री हजर होती, किसनराव सर्वांपुढे, आणि त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेऊन कपाळास लाविला. जमुनेने दारात ओवाळिले, आणि त्या सांजेस घरात भाकरी करपल्याचा वास आला. पाटील म्हणाले, जेवण झकास जाहले.

वैशाखात लग्न होऊन जमुना त्याच बंडीतून सासरी गेली. शालिकराम फुकट कल्हई करून देण्यास आला होता, त्यास पाटलांनी जेवू घालून परत पाठविला. त्यामुळे चाक एक फेरा फिरे तेव्हा खरवडलेले ते काळे लोखंड एकदा वर येई. वाटेत लोक विचारीत की हे काय, तेव्हा खुशालराव स्वतः बोट दाखवून सांगत, "थे खरं हाय. बाकीचं कल्हई."

येणेप्रमाणे पाच हजारांचा मुलूख सोडून बाराशांवर सुखरूप माघार घेतली, बैलजोडी राखिली, लेक नांदती जाहली. सरकारात अठ्ठेचाळीस रुपये रोख भरून पावती घेतली, ती देव्हाऱ्यात ठेविली आहे. खुशालरावांनी ही बखर ऐकून एका जागी दुरुस्ती सांगितली की विळा हलतो असे लिहिले ते खोटे, त्यास मूठच नाही. ती दुरुस्ती येथे करून, या वेळी तोंडात लाडू नसता, मोरोपंतांनी लेखन पुरे केले.