पाळण्याच्या तोंडावरचा फलक

बर्फ सर्वांवर सारखाच पडतो, ही निसर्गाची फार जुनी गैरव्यवस्था आहे. व्हिएन्नाच्या कारखानदाराच्या छपरावर जो पडतो, तोच त्याच रात्री, त्याच जाडीनं, त्याच्या ड्रायव्हरच्या छपरावरही पडतो. (ड्रायव्हरला दोन्ही छपरांवरचा उपसावा लागतो, एवढाच काय तो फरक.) टिरोलमधल्या आमच्या खोऱ्यात ही गैरव्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या लक्षातच आली नव्हती. ती शोधून काढण्याचं आणि दूर करण्याचं श्रेय 'धवल शांतता पर्वतानुभव' या कंपनीला जातं, आणि ते तिला दिलंच पाहिजे.

कंपनी येण्यापूर्वी ज्याला कोरा, यंत्रानं न दाबलेला बर्फ हवा असे, तो स्कीच्या तळाला कातड्याच्या पट्ट्या चिकटवून अर्धा दिवस घाम गाळत डोंगर चढे आणि चहा गार व्हायच्या आत खाली पोचे. म्हणजे कष्ट डोंगराएवढे आणि मजा मोहरीएवढी. कंपनीनं हे प्रमाण सुधारलं. वर जायला गरम आसनांची बर्फगाडी ठेवली. माथ्यावर लाकडी टबात कढत पाणी, खाली उतरल्यावर पायाच्या बोटांना मालिश, आणि दिवसभर शांतता. ग्राहकांच्या पाहणीत त्र्याण्णव टक्के लोकांना शांतता अतिशय आवडल्याचं दिसून आलं. उरलेल्या सात टक्क्यांना ती ऐकू आली नाही, कारण ते बर्फगाडीच्या इंजिनाजवळ बसले होते.

या सहलीची किंमत माहितीपत्रकात छापलेली नाही. 'विचारल्यास कळवू' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे. आजवर एकाही ग्राहकानं विचारलेलं नाही. जो विचारतो तो ग्राहक नव्हेच, असं कंपनीचं धोरण आहे.

विचारणाऱ्यांसाठी बुर्गीची खोपी आहे. चाळीस माणसं झोपतील एवढं ते लाकडी घर, पण सगळं खोरं त्याला खोपीच म्हणतं. तिथे पायी चढून जायचं, बूट दाराशी काढायचे, पेटीतल्या सामायिक सपातांतून आपल्या मापाच्या जवळपास जाणारा जोड शोधायचा, बार्लीचं सार प्यायचं आणि एका लांब फळीवर दहा अनोळखी माणसांच्या घोरण्यात झोपायचं. उतार तेच, बर्फ तोच. वाटाड्यासुद्धा तोच, बुर्गीचा धाकटा भाऊ कासियान. आठवडाभर तो कंपनीचा आणि शनिवार-रविवार बहिणीचा. विनोदही तेच सांगायचा, फक्त कंपनीच्या गिऱ्हाइकांना जरा हळू सांगावे लागत.

या डोंगरावर पाळणा नावाचा एक उतार आहे. दोन्ही बाजूंना कडे आणि मध्ये झोळीसारखा खोलगट, देखणा. वाऱ्यानं उडवलेला सगळा बर्फ त्याच झोळीत साठतो आणि एखाद्या दिवशी काही न सांगता निसटतो. बुर्गीचा नवरा लोइस तिथेच गेला. तोही वाटाड्या होता. पुढे गेलेल्या एका पाहुण्याला परत बोलवायला तो पाळण्यात उतरला. पाहुणा वाचला. पाळण्याच्या तोंडाशी 'हिमकडा कोसळण्याचा धोका' असा फलक त्याच्याही आधीपासून होता आणि अजून आहे. लोक त्याला टेकून फोटो काढतात.

म्हणूनच कासियानला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. वर नेलेली माणसं मोजून खाली आणायची. कंपनीच्या माहितीपत्रकात हा लाभ नमूद केलेला नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या देशात माणसाला नावाआधी पदवी लागते. डॉक्टर, माजिस्टर, राजमान्य व्यापारसल्लागार. पदवीधराची बायकोसुद्धा पूर्वी नवऱ्याच्या पदवीनं ओळखली जाई. पण वाटेवरच्या मारियाच्या देवळीच्या वर गेलं की हे सगळं बंद. तिथून पुढे मंत्री असो की गुराखी, सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, माहीत नाही. पण दोराला बांधलेल्या माणसाला 'अहो' म्हणायला वेळ नसतो, हे ज्यानं ठरवलं तो शहाणा असणार.

कंपनीच्या व्यवस्थापिका माजिस्टर लेओनोरे हाउझर यांना ही प्रथा ग्राहकांच्या मानाला बाधक वाटली. त्यांनी ग्राहकसन्मान नियमावली काढली. तिच्यानुसार ग्राहकाला सर्व उंचींवर पूर्ण पदवीसह संबोधायचं. 'नाही' या शब्दाऐवजी 'आपला विचार स्तुत्य आहे' असं म्हणायचं. 'थांब' ऐवजी 'आपली हरकत नसल्यास क्षणभर डावीकडच्या निसर्गसौंदर्याकडे लक्ष वेधू इच्छितो' असं म्हणायचं. 'पळ' या शब्दाला पर्याय दिलेला नव्हता, कारण आपल्या ग्राहकावर तशी वेळ येईल असं कंपनीला वाटत नव्हतं.

पहिल्याच हिवाळ्यात राजमान्य व्यापारसल्लागार डॉक्टर एगमोंट प्रोहास्का आले. न्हाणीघरातल्या नळांचा त्यांचा कारखाना होता. माणूस मनानं वाईट नव्हता, फक्त गेली तीस वर्षं त्यांना कोणी अडवलेलं नव्हतं. कासियान मागे एकीच्या बुटाचा पट्टा आवळत होता, तेवढ्यात प्रोहास्का सरळ पाळण्याच्या दिशेनं निघाले.

"राजमान्य व्यापारसल्लागार डॉक्टर प्रोहास्का महोदय," कासियाननं सुरुवात केली, "आपली हरकत नसल्यास क्षणभर..."

'क्षणभर' येईपर्यंत महोदयांच्या स्कीची टोकं पाळण्याच्या काठाबाहेर गेली होती.

"थांब, गाढवा!" कासियान ओरडला. "मरायचंय का तुला? हो मागे!"

प्रोहास्का जागच्या जागी थिजले आणि निमूटपणे मागे आले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. कासियाननं संध्याकाळीच आपलं सामान बांधायला घेतलं.

पण दुसऱ्या दिवशी माजिस्टर हाउझर यांनी त्याला बोलावून खुर्ची दिली. प्रोहास्कांनी कंपनीला कळवलं होतं की आई वारल्यापासून आपल्याला कोणी गाढव म्हटलं नव्हतं. टबातल्या कढत पाण्यापेक्षाही आत कुठेतरी ऊब वाटली. पुढच्या वर्षी मित्रांना घेऊन येतो. अनुभव असा हाती आला असताना तो वाया घालवणं कंपनीच्या तत्त्वात बसत नव्हतं. नियमावली त्याच आठवड्यात सुधारण्यात आली आणि 'अस्सल डोंगरी खडसावणी' सुरू झाली. सकाळी दोन, जेवणानंतर एक. ('गाढव' मूळ सहलीत समाविष्ट. 'म्हसोबा' आणि त्यावरच्यांसाठी आगाऊ कळवावं.) ग्राहकांनी प्रत्येक खडसावणीला पाचपैकी तारे द्यायचे. कासियानला सरासरी साडेचार मिळत. अर्धा तारा उच्चारासाठी जाई.

शनिवारी त्यानं हे बहिणीला सांगितलं. बुर्गी सारात पळी फिरवत होती, ती थांबली.

"म्हणजे शिव्या द्यायचे पैसे मिळणार तुला?"

"शिव्या नाही गं ताई, खडसावणी."

"अरे, जन्म गेला माझा या खोपीत लोकांना झापण्यात. ओले बूट घेऊन आत आला, झाप. सपाता कोपऱ्यात भिरकावल्या, झाप. एकानं तरी टाळी वाजवली?"

"तू फुकट देतेस ना, म्हणून किंमत नाही."

"आणि तू विकतोयस, म्हणून तुझ्याकडे उरणार नाही," बुर्गी म्हणाली. "ज्या दिवशी खरी द्यायची वेळ येईल, त्या दिवशी काय देशील? तारे?"

कासियान हसला. पगार वाढला होता, आणि चांगला पगार असला की बहिणीचं बोलणं नेहमीच थोडं जुनाट वाटतं.

पुढच्या फेब्रुवारीत प्रोहास्का खरोखरच पाच मित्रांना घेऊन आले. तीन दिवस बर्फ पडला होता आणि चौथ्या दिवशी दक्षिणेचा उबदार वारा सुटला. आमच्याकडे हा वारा सुटला की गाईसुद्धा गोठ्यात उलट्या तोंडानं उभ्या राहतात. पुढची वाट उघडून ठेवायला कासियान शंभरएक पावलं पुढे गेला होता. बर्फ पायाखाली पोटातून हुंकारला तेव्हा त्यानं मागे वळून पाहिलं. सहाही जण वाट सोडून पाळण्याच्या तोंडाशी, फलकाला टेकून फोटो काढत उभे होते. प्रोहास्का फोटो संपवून पुढे सरकत होते.

"थांब, गाढवा!" कासियान गरजला. "खबरदार पुढे पाऊल टाकलंस तर!"

सहाही जणांनी टाळ्या वाजवल्या.

"वा!" प्रोहास्का मित्रांना म्हणाले, "बघा, म्हटलं नव्हतं? आणि ही तर जेवणानंतरची आहे, आधीच दिली."

"अरे मूर्खांनो, खरं सांगतोय मी! सगळा उतार निसटेल!"

"आवाज काय खोल लागलाय," एक मित्र म्हणाला. दुसऱ्यानं फोन काढून चित्रण सुरू केलं.

कासियान धापा टाकत त्यांच्याजवळ पोचला. आयुष्यात तो एवढा कधीच घाबरला नव्हता. देवळीच्या वर जो एक शब्द माणसाला थांबवत असे, तो त्यानं स्वतःच, पगारवाढ घेऊन, दिवसाला तीनदा विकून टाकला होता. आता त्याच्याकडे फक्त खरं उरलं होतं, म्हणून त्यानं ते सांगितलं. "माझा मेहुणा इथे मेला," तो म्हणाला. "लोइस. तुमच्यासारख्याच एकाला परत आणायला गेला. आम्हाला तो वसंतात सापडला. माझ्या बहिणीनं त्याचे बूट अजून दाराशी ठेवलेत."

प्रोहास्कांनी डोळे पुसले. "फारच सुंदर," ते हळूच म्हणाले. "हे या वर्षी नवीन आहे का?"

आणि ते पुढे सरकले.

कासियाननं डोळे मिटले. उघडले तेव्हा खाली दूरवर त्याला खोपीचा धूर दिसला. तो धूर पाहून त्याला जे सुचलं, ते कुठल्याही नियमावलीत नाही. आवाज अगदी खाली आणून, काही विशेष नसल्यासारखा तो म्हणाला, "जा बाबांनो, जा. काही हरकत नाही. खोपीतली माणसं रोज इथूनच उतरतात."

प्रोहास्कांची स्की थबकली.

"कोण माणसं?"

"बुर्गीकडची. डब्यात काळा पाव घेऊन येतात ती. कालच शिक्षकांची एक तुकडी उतरली. खाली पोचलात की भेटतीलच, त्यांच्यातच बसून डबा खायचा असतो. छान लोक आहेत, फोटोही काढतील तुमच्याबरोबर."

सहा माणसं एवढ्या शिस्तीनं मागे वळलेली आमच्या डोंगरानं त्याआधी पाहिली नव्हती. "दुसरी वाट नाही का?" प्रोहास्का पुटपुटले. "जरा... निवडक?"

"आहे की. धारेवरून. फार थोड्यांना माहीत आहे," कासियान म्हणाला. ती गुरांची वाट होती.

ते धारेवर पोचून गरम चॉकलेट पीत असताना पाळणा निसटला. आधी एक चीर गेली, मग सगळी झोळीच खाली आली, आणि खालची झाडं काडेपेटीतल्या काड्यांसारखी मोडली. मग प्रोहास्कांनी दीर्घ श्वास घेतला. "बरं झालं," ते म्हणाले, "त्या गर्दीत गेलो नाही ते." कासियान एका दगडाच्या आड जाऊन पोटभर रडला. त्याला एकही तारा मिळाला नाही.

कंपनीनं या घटनेतून योग्य तो बोध घेतला. खडसावणी बंद झाली (मागणी असूनही) आणि धोक्याचा जुना फलक काढून तिथे पिवळा, दुतोंडी फलक लावण्यात आला. बर्फगाडीकडून येणाऱ्याला त्यावर दिसतं, 'स्वस्त सहलीची वाट. खोपीच्या पाहुण्यांसाठी.' खोपीकडून चढून येणाऱ्याला दुसरी बाजू दिसते, 'धवल शांततेच्या ग्राहकांसाठी राखीव. प्रवेशशुल्क विचारल्यास कळवू.' तेव्हापासून पाळण्यात कोणीही उतरलेलं नाही. शेजारच्या खोऱ्यांतूनही अशा फलकांना मागणी येऊ लागली आहे.

फलक पाहायला बुर्गी स्वतः वर चढून आली. दोन्ही बाजू वाचल्या.

"लोइसच्या वेळी हे सुचलं असतं तर," ती म्हणाली.

"तेव्हा फलक खरा होता गं ताई."

"म्हणूनच तर," बुर्गी म्हणाली, आणि फलकावरचा बर्फ हातानं झाडून खाली उतरली.

वाचकहो, मघापासून तुमच्या मनात एक प्रश्न घोळतो आहे, हे आम्हाला माहीत आहे. कंपनीच्या या सहलीला पैसे पडतात तरी किती? तो प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर फलकाची खोपीकडची बाजू तुमच्यासाठी आहे. पडला आणि चारचौघांत विचारायची लाज वाटली असेल, तर बर्फगाडीकडची. दोन्हीकडून तुम्ही अगदी वेळेवर थांबाल. धोका कुठे आहे, हा प्रश्न मात्र तुम्हाला पडला नाही, याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. तिथे धोक्याचा फलक होता तेव्हा तुम्हीही त्याला टेकून फोटोच काढला असता.