कान टोचण्याची सुरक्षित पद्धत

"हात कोपरापर्यंत धुतलेस का?" नवऱ्याने विचारले, तेव्हा तिच्या तोंडात चार टाचण्या होत्या. त्यामुळे मनात आलेले उत्तर तिला देता आले नाही.

ती शिवणकाम करायची. खिडकीजवळ मशीन, मशीनवर एका वकिलाचा अर्धवट कोट आणि कोट द्यायची मुदत उद्याची. नवरा डबे बनवणाऱ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. कामगार त्याला पाठीमागे 'हेल्मेट' म्हणत आणि घरी तिलाही कधीकधी म्हणावेसे वाटे. लेक तान्ही असताना तिचे कान टोचायची गोष्ट निघाली, तर या माणसाने "तिची संमती कुठाय?" म्हणून सगळ्यांना गप्प केले होते. आता लेक अठराची झाली होती. तिने संमती दिली होती, पण ती नाक्यावरच्या मोबाईल कव्हर विकणाऱ्या दुकानाला. तिथे पाच मिनिटांत कान टोचून देत.

"त्या दुकानात? अजिबात नाही!" नवरा ताडकन उठला होता. "घरी करू. मी करतो. सुरक्षितपणे."

"पाचच्या आत करा. पाचला मैत्रीण स्कूटर घेऊन येणार आहे. नाही झालं तर मी चालले," लेक म्हणाली.

लेकीने आपल्यावर एकदा तरी भरवसा टाकावा, एवढेच त्याला हवे होते. ते बायकोला दिसत होते, म्हणून तर कोट अडलेला असूनही तिने दोघांना बाहेर काढले नव्हते.

दुपारी दोनला त्याने औषधांच्या दुकानातून बंद पाकिटातल्या पाच सुया आणल्या. पहिली कानांवर खुणा करायच्या आधीच उघडली गेली, म्हणून बाद. दुसरी तिने टोक बघायला उजेडात धरली.

"अगं, हातमोजे!"

"मी जन्मभर सुयाच धरतेय!"

"म्हणूनच म्हणतो," असे म्हणून त्याने तीही बाद केली.

तिसरी आणि चौथी त्याने जादा खबरदारी म्हणून उकळत ठेवली. "पाकिटावर निर्जंतुक लिहिलंय की," ती म्हणाली. "लिहिलेलं सगळं खरं असतं तर माझी नोकरीच राहिली नसती," तो म्हणाला आणि लेकीच्या डोक्यावर गवंड्याची पातळी बघायची पाणसळ ठेवून दोन्ही कानांवर पेनाने ठिपके काढू लागला.

"मान सरळ ठेव."

"सरळच आहे, बाबा!"

"पाणसळ नाही म्हणतेय."

"अहो, माणसाचे दोन कान सारखे नसतातच," ती वैतागून म्हणाली. "मी लोकांचे खांदे मोजते, तेसुद्धा सारखे नसतात."

ठिपका पुसायचा, पुन्हा काढायचा, लांब जाऊन एक डोळा मिटून बघायचे, असे अकरा वेळा झाले. बाराव्या वेळी स्वयंपाकघरातून जळका वास आला. पाणी कधीच आटले होते. पातेले काळेठिक्कर पडले होते आणि आतल्या दोन्ही सुयाही. आता एकच सुई उरली होती आणि साडेचार वाजले होते.

"बाबा, दुखेल का?" लेकीने हळूच विचारले.

तपासून न पाहिलेली माहिती नवऱ्याने आयुष्यात कोणाला दिली नव्हती. "सांगतो," तो म्हणाला आणि सुई घेऊन आरशासमोर उभा राहिला. आरशात बघून हात हलवावा, तर तो भलतीकडेच जाई. कानाऐवजी गालाला दोनदा टोक लागता लागता राहिले, तेव्हा तिचा संयम सुटला.

"बसा इथे!"

तिने हात धुतले, हातमोजे चढवले, कानाची पाळी पुसली, मागे बूच धरले आणि सुई आरपार काढली. पाठोपाठ लेकीने आपल्यासाठी आणलेली गुलाबी चांदणी त्या भोकात बसवली. सगळे मिळून मिनिटभर लागले असेल.

"खरं सांगा, बाबा. दुखलं?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होते. "थोडं," तो म्हणाला. मग प्रामाणिकपणा आडवा आला. "म्हणजे, बऱ्यापैकी."

"दे गं इकडे तुझा कान, तुलाही मोकळं करते," ती म्हणाली.

"वापरलेली सुई? दुसऱ्याला? वेड लागलंय का तुला?"

खाली स्कूटरचा हॉर्न वाजला. आता दुपारही गेली, सुयाही गेल्या आणि लेकही जाणार, असे तिला वाटले. लेक खिडकीपाशी गेली. तिने एकदा बापाच्या कानाकडे पाहिले, मग खाली ओरडली, "तू जा गं! मी नाही येत!"

मग वळून म्हणाली, "नवं यंत्र तुम्ही आधी चालवून बघता ना? तसंच करू. सहा आठवडे हे कानात राहू दे. पिकलं नाही, तर मी तुमच्याकडूनच टोचून घेईन. मधेच काढलंत, तर ते दुकान आहेच."

नवऱ्याचा चेहरा असा काही उजळला, की तिला जळक्या पातेल्याबद्दल बोलवेना.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तो आठला कामावर गेला आणि नऊला परत आला.

"काय विसरलात?"

"काही नाही. वॉचमनने फाटकातच अडवलं. यंत्रांपाशी दागिना चालत नाही."

"असला कसला नियम?"

"माझाच आहे. सगळ्यांच्या अंगठ्या काढायला लावल्या होत्या मी."

"अहो, मग काढायची होती चांदणी! मिनिटाचं काम!"

"वॉचमनही हेच म्हणाला." नवरा खुर्चीवर टेकला. "मी रजा टाकली. सहा आठवड्यांची."

तिने कपाळावर हात मारला. तेवढ्यात लेक डोळे चोळत बाहेर आली. तिने बापाची हनुवटी धरून मान उजेडाकडे वळवली, कानाची पाळी पुढूनमागून नीट पाहिली.

"लाल नाही झालेलं," ती म्हणाली. "अजून पाच आठवडे, सहा दिवस." आणि आंघोळीला निघून गेली.

नवरा बराच वेळ नुसता हसत बसला. तिलाही बरे वाटले. काही झाले तरी पोरगी त्याच्यासाठी थांबली होती. ती कोटाला बाह्या जोडायला मशीनवर बसली, तेव्हा त्याने आपली खुर्ची ओढून तिच्याशेजारी आणली आणि सावकाश आजूबाजूला पाहिले.

"का गं," तो म्हणाला, "ही गरम इस्त्री रोज अशीच, वायरच्या इतकी जवळ असते?"