कोंडवाड्यातली घराणी

ज्या घराण्याची सरकारदरबारी नोंद नाही ते घराणे झालेच नाही, हे सत्य बालाघाटला २००४ साली इंटरनेटवर कळले. त्या वर्षी जिल्ह्याची जुनी दप्तरे संगणकावर चढवण्यात आली. दुष्काळ, महसूल आणि बंडे हे विषय वाळवीने आधीच आवडीने संपवले होते. मोकाट जनावरे डांबण्याच्या कोंडवाड्याची नोंदवही मात्र तिने तोंडी लावली नव्हती. (वाळवीलाही अभिरुची असते.) तेव्हा इंग्रजी अमदानीत कोणाची गाय केव्हा पकडली, एवढाच जिल्ह्याचा इतिहास उरला.

शहराने तो मोठ्या मनाने स्वीकारला. सायबर कॅफेत पूर्वज शोधायला रांगा लागल्या. शोधणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांचा कुलाभिमान वाढला. उरलेल्या दहा टक्क्यांची पान उघडेपर्यंत वीज गेली. ज्याची जनावरे जास्त वेळा कोंडली गेली ते घराणे थोर, असा सरळ हिशेब होता.

ऐंशीच्या अहिल्याबाईंची पंचाईत इथेच झाली. त्यांची नात ऋता आणि गुणाकररावांचा यशोधन यांनी एकमेकांना पसंत केले होते. मोठ्यांची बोलणी तेवढी बाकी होती. गुणाकररावांच्या बैठकीत त्यांच्या आजोबांच्या, भोजरावांच्या, नोंदीचे पान चौकटीत, हार घालून टांगलेले होते. ("इंग्रजांनी अकरा वेळा अटक केली," असे सांगताना ते गाईचा उल्लेख शेवटी करत.)

"आजी," त्यांनी चहा ओतता ओतता विचारले, "तुमच्या घरचं नाव काहून दिसून नाही राह्यलं?"

"आमचे सासरे जनावरं बांधून ठेवत."

असली गोष्ट कोणी चारचौघांत सांगते का? पुढे आलेली पोह्यांची बशी पुन्हा मागे गेली. ऋता आजीच्या कानाला लागली, "आजी, आठव न काही! गाय नाही तं एखादी बकरी तरी!"

अहिल्याबाईंना सगळे आठवत होते, हीच तर अडचण होती. रामपायली गावी सासरच्या धानात शिरलेली ती गाय, नव्या नवरीने पदर खोचून केलेला पाठलाग, चिखलात आपटी, आणि बांधावर पोट धरून हसणाऱ्या सासूबाई. खरे सांगावे तर सोयरीक मोडेल. खोटे सांगावे तर सराव नाही.

"काबरी होती न भोजरावची गाय? डावं शिंग तुटकं?"

गुणाकररावांनी चष्मा लावून भिंतीवरचे पान वाचले. "हौ! तुमाले कसं मालूम?"

"आमचंच धान खाये मेली. दरवेळी मीच धरून देल्ली."

(फिर्यादीचा रकाना पानावर नव्हता. मूळ पान स्कॅनच्या यंत्राहून रुंद निघाल्यामुळे इतिहास उजवीकडून कापण्यात आला होता.)

ऋताने डोळे मिटून घेतले. गुणाकररावांनी भिंतीवरच्या पानाला हात जोडले. मग त्यांनी वाकून अहिल्याबाईंचे पाय धरले. "आजी, तुम्ही नसती धरून देल्ली, तं आमच्या घराण्यात राह्यलं काय असतं!"

पोहे परत आले. लग्न धूमधडाक्यात लागले. पत्रिकेवर गणपतीखाली एका शिंगाची गाय छापली होती.

वाचकांनी हसायला हरकत नाही. नंतर आपल्या आजोबांचे नावही शोधून पाहावे. ते कुठेच सापडले नाही, तर त्यांनी जन्मभर कोणाच्या शेताचे वाटोळे केले नाही, एवढाच त्याचा अर्थ. तरीही तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधायला बसाल.