धनजवरून जाणारं विमान

नाशिकला नोकरी करणारी निकिता कंपनीच्या कामासाठी नागपुरात आली होती आणि सुट्टी नाही म्हणून घरी न येता तशीच विमानाने परत जाणार होती. पोरीचं तोंड पाहून वर्ष उलटलेलं. फोन झाल्यापासून तिची आई तुळसाबाई डोळे पुसत होत्या आणि कोणी विचारलं की, घरात गॅस असूनही, चुलीच्या धुराचं नाव सांगत होत्या.

तिच्या वडिलांना, जगदेवरावांना, ते बघवेना. त्यांनी शेजारच्या भाऊसिंगला नकाशा घेऊन बोलावलं. भाऊसिंगने नागपूर ते नाशिक पट्टी ठेवली, तर पट्टीखाली थेट त्यांचं गाव, धनज!

"साडेपाचशे किलोमीटर, दीड तास," तो म्हणाला. "म्हंजे उडाल्यावर अर्ध्या तासात पोरगी तुमच्या वावरावरून जाते!"

"मंग तिले वावर दिसन?" तुळसाबाईंनी विचारलं.

"खिडकीपाशी बसली त काहून नाई दिसन?"

"पन आपलंच हाय हे कसं वळखन?"

उत्तर त्यांनीच काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मेथीच्या वाफ्यांवर त्यांचा लग्नातला लाल शालू पसरला, चारी कोपऱ्यांवर ढेकळं. भाऊसिंगची बायको कमलीबाई म्हणाली, "एकानं काय दिसते व!" आणि तिने आपल्या दोन साड्या शेजारी अंथरल्या. ते पाहून कारंज्याच्या बाजाराला निघालेला ऑटो थांबला, बाया उतरल्या.

"सेल हाय का व? हा लाल कितीले देता?"

"इकाचा नाई, पोरीले दाखवाचा हाय."

"कुठी हाय पोरगी?"

तुळसाबाईंनी आभाळाकडे बोट केलं. बायांचे चेहरेच उतरले. एकीने पदर डोळ्यांना लावला. "अरे माय! काय झालतं बिचारीले?"

"काई नाई झालं! इमानात हाय ते!"

मग बाजार राहिला बाजूला, बायाही माना वर करून उभ्या राहिल्या. वेळ झाली, टळली. एक घार आली, तिलाच सगळ्यांनी हात हलवले.

"फोन त लावून पाहा," तुळसाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

जगदेवरावांनी मोबाइल सकाळपासून बंद ठेवला होता. व्हिडिओ काढायचा तर बॅटरी नको? "इमान दिसल्याबिगर चालू करत नसतो मी," ते म्हणाले. "लेट असन. एष्टी नाई का होत?"

उन्हं कलली. माना आखडल्या, पण कोणी हटेना. एवढ्यात शेताच्या बांधावरून बॅग ओढत कुणीतरी मागे येऊन उभं राहिलं.

"काय पाहून राह्यले सारे?"

"आमच्या निकीचं इमान," तुळसाबाई वर बघतच म्हणाल्या. "तू बी हात हालव, माय."

"कोनाले हालवू? आई, इमान रद्द झालं! सकाळपासून बाबाले फोन लावून राह्यली. परवापस्तोर दुसरं नाई, म्हून एष्टीनं आली."

तुळसाबाईंची मान वळेना. मग त्या अख्ख्या वळल्या आणि पोरीला घट्ट धरून रडल्या. या वेळी त्यांनी धुराचं नाव घेतलं नाही. ऑटोतल्या बायाही मनसोक्त रडल्या.

तेवढ्यात वरून घरघर ऐकू आली. भाऊसिंग उड्या मारायला लागला. "आलं, आलं! बरोब्बर वावरावरून! म्या सांगतलं नोतं?"

"जाऊ दे त्याले," पोरीच्या खांद्यावरचं डोकं न उचलता तुळसाबाई म्हणाल्या. "त्यात आपलं कोनी नाई."