मंजूर का नामंजूर

आमच्या शेजारचे दामूभाऊ भाजीवाल्याशी भांडत नाहीत. वांगी किडकी निघाली की एक हात दुसऱ्या हातावर आपटतात, "फाऊल" म्हणतात आणि जागच्या जागी उभे राहतात. मग विचारतात, "मंजूर का नामंजूर?" तो काही बोलेपर्यंत हलत नाहीत. मागे गिऱ्हाईक खोळंबतं. चहात साखर जास्त पडली तर माझ्यावरही फाऊल लागतो.

हे खूळ त्यांना मैदानावर लागलं. वर्धेहून सेवाग्रामकडे जाताना आमची वस्ती आहे, समोरच मैदान. माझी रेखा आणि तिच्या कॉलेजातली पोरं तिथे संध्याकाळी फ्रिसबी खेळायची. प्लास्टिकची थाळी फेकायची, झेलायची. समोरच्या बाजूला फक्कीच्या रेषेपलीकडे झेलली की गोल. पाय रेषेला लागला तर गोल नाही, खेळ पुढे चालू. या खेळात पंच नसतो. ज्याला धक्का लागला त्यानेच फाऊल म्हणायचं. खेळ थांबतो. समोरच्याला पटलं तर मंजूर, नाही पटलं तर दोघांनी बोलायचं, एकमेकांचं ऐकून घ्यायचं. तरी जुळलं नाही तर थाळी परत फेकणाऱ्याकडे.

एकदा एक पोरगा कमी पडला आणि मैदानाला फेऱ्या मारणारे दामूभाऊ आत गेले. ते समुद्रपूरच्या गाडीवर कंडक्टर होते. जन्मभर माणसांना पुढे सरकवलं, आता घरात सरकवायला कोणी नाही. मुलगा हैदराबादला. त्याचा फोन "जेवले का" वरून सुरू होतो आणि लगेच "ठेवतो" वर येतो.

मैदानावर मात्र ते फाऊल म्हणाले की सगळे थांबायचे. स्वतःचा फाऊल सांगायची गरज नसते, पण दामूभाऊ बहुतेक स्वतःवरच घ्यायचे. "माहं कोपर लागलं तुले." पोरं कंटाळून म्हणायची, मंजूर काका, चला. तेव्हा त्यांचा चेहरा उतरायचा. "आयकून त घे आधी." कोणी चुकून नामंजूर म्हटलं तर ते फुलायचे. थाळी काखेत धरून पहिल्यापासून सांगायचे.

मी रेषेजवळ दगडावर बसून असायची. बोलत नसे. बसमध्ये "थांबवा" म्हणवत नाही म्हणून एक थांबा पुढे उतरून मागे चालत येणारी बाई मी.

परवा शेवटचा खेळ होता. कॉलेज संपलं. दुसऱ्या दिवशी रेखा पुण्याला नोकरीवर निघणार होती, बाकीचीही पांगणार होती. पुढचा गोल झाला की खेळ संपला, असं ठरलं. थाळी तरंगत आली. दामूभाऊंनी त्या म्हाताऱ्या गुडघ्यांनिशी उडी मारली आणि झेलली. पाय माझ्यासमोरच पडला, रेषेपलीकडे, गोलाच्या वीतभर आत.

पोरं नाचायला लागली. दामूभाऊंनी हात वर केला.

"गोल नाई. रेषेवर होता माहा पाय."

रेखा विरुद्ध बाजूची, त्यांच्याच अंगाला अंग लावून पळत होती. "काका, आत होता. नामंजूर."

हरणारी पोरगी गोल देत होती आणि जिंकणारा घेत नव्हता. सगळी हसली. दामूभाऊ हसले नाहीत. थाळी काखेत घट्ट होती आणि नजर मैदानाबाहेर लावलेल्या पोरांच्या सायकलींवर.

रेखा माझ्याकडे वळली. "आई, तू तिथंच बसून हायेस. काय पाह्यलं?"

सगळं मैदान माझ्याकडे पाहत होतं. घरात आम्ही दोघीच असतो.

"रेषेवर होता," मी म्हणाले.

खेळ पुन्हा सुरू झाला. थाळी दिसेनाशी होईपर्यंत चालला. गोल कोणाचाच झाला नाही.

काल रेखा गेली. संध्याकाळी मैदानावर नुसत्या बकऱ्या होत्या. दामूभाऊ कडेकडेने आले, आमच्या फाटकापाशी थांबले आणि हातावर हात हलकेच टेकवला.

"फाऊल, वहिनी."

"कोनाचा?"

"दोघायचा. पाय आत होता."

मंजूर अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं.

"नामंजूर," मी म्हणाले आणि ओट्यावर चटई टाकली.

दामूभाऊंनी चपला काढल्या, मांडी घातली आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.