नाव एक, चौकटी दोन

"अभिनंदन! बयाबाई पाच महिन्यांची गाभण आहे," असा मेसेज मुरगूडजवळच्या एका दूध संस्थेच्या जनावरांच्या दवाखान्यातून ज्ञानूच्या मोबाइलवर गेला. चष्मा घरी राहिलेला, म्हणून ज्ञानूनं तो डेअरीच्या रांगेत शेजाऱ्याला वाचायला दिला. शेजाऱ्यानं मोठ्यानं वाचला. बयाबाई ही ज्ञानूची बायको. वय बासष्ट.

तासाभरात बयाबाई दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवाल्या अनुजाच्या टेबलापुढं उभी. मागं ज्ञानू, मान खाली.

"पोरी, समदी गल्ली पेढं मागाय लागलीया. सून पदरात तोंड घालून हसती. काय लिवलंस गं?"

अनुजानं नोंद उघडली. स्क्रीनवर एकाखाली एक दोन चौकटी आणि दोन्हींवर नुसतंच 'नाव'. मालकाची कुठली, जनावराची कुठली, हे तिला रोज अंदाजानंच ठरवावं लागे. तिनं कोल्हापूरला फोन लावला. नाव पुसल्याशिवाय बयाबाई हलणार नव्हती, ती बाकावर ठाण मांडून बसली.

दुपारी सॉफ्टवेअर करणारा धैर्यशील आला. "मॅडम, लक्ष देऊन टाइप करायचं की!"

"व्हय सर. जरा तुम्हीच भरून दावा की दहा फॉर्म."

तिसऱ्याच फॉर्मला धैर्यशीलनं सभासद कृष्णात यांचा रंग काळा आणि शिंगं वाकडी असल्याची नोंद केली.

मग तो गुमान कामाला लागला. एका चौकटीवर 'मालक' आलं, दुसरीवर 'जनावर'. रंग आणि शिंगं यादीतून निवडायची झाली. शेवटी सगळी नोंद वाचून दाखवायची, 'बरोबर' दाबल्याशिवाय पुढं जायचंच नाही.

"आता चुकायचं न्हाय," अनुजा खुशीत म्हणाली. "काका, मालक तुम्ही. म्हशीचं नाव सांगा."

ज्ञानू छताकडं बघायला लागला.

"काका?"

"...बयाबाई."



"ही चंदगडला लेकीच्या बाळंतपणाला गेलती, तवा आणली म्हस," ज्ञानू पुटपुटला. "तीन म्हयनं घरात हाक मारायला कोण न्हवतं. हिच्यापुढं 'काळे' म्हणतो."

बयाबाईनं नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हाक मारली की येती व्हय ती?"

"पहिल्या हाकंला."

"मग ती म्या न्हवं," बयाबाई अनुजाकडं वळली. "दाब पोरी 'बरोबर'."