इंदिराबाईंची बैठक

श्रीहरी मोजे चढवायला पलंगावर टेकला आणि त्याच्याखाली ‘कट्ट’ असा आवाज झाला. पलंग नवा होता, त्यामुळे तो पलंगाचा आवाज नव्हता. एक मोजा पायात, एक हातात, असा तो थोडा वेळ बसूनच राहिला. उठेपर्यंत काही झालेलं नाही, असं आपलं त्याला वाटत होतं. शेवटी उठला, दुलईची घडी उलगडली आणि आत पाहिलं. सासूबाईंच्या तबकडीचे चार तुकडे झाले होते.

तबकडी जुनी, लाखेची, बांगडीसारखी फुटणारी. सासूबाई म्हणजे सुनंदाबाई लहान असताना त्यांच्या वडिलांनी ती सांगलीच्या बाजारातून आणलेली. मधल्या लाल चकतीवर ‘कु. इंदिरा, इंदूर’ एवढंच छापलेलं. त्या घरात गणपती बसला की ती वाजायची, उठला की वाजायची, कुणाचं लग्न ठरलं की वाजायची. आणि ती श्रीहरीनं मोठ्या तोंडानं मागून घेतली होती. जुन्या तबकड्यांचा शौकीन ना तो! ‘‘आई, साफ करतो, कॉम्प्युटरवर उतरवून देतो. माझ्या हातात ती सुरक्षित राहील,’’ असं म्हणाला होता. आता हात निर्दोषच होते म्हणा.

त्यानंतर पुण्याहून इंदूरला बदली झाली. पीथमपूरच्या कारखान्यात साहेब क्वालिटी मॅनेजर झाले. गाडीच्या सुट्या भागावर केसाएवढा ओरखडा दिसला तरी माल परत पाठवायचा, हे त्यांचं काम. या सगळ्या गडबडीत तबकडी उतरवणं सोडाच, त्यानं ती एकदा ऐकलीसुद्धा नव्हती. काल शेवटचं खोकं उघडताना सापडली, म्हणून जपून दुलईत ठेवली. आणि आज गुरुवारी सकाळी तिच्यावर बैठक मारली.

तेवढ्यात बाहेरून त्याची बायको सुरुची ओरडली, ‘‘अरे श्री, आई रविवारी सकाळी पोचतेय! म्हणते, इंदूरच्या बाईचं गाणं इंदुरातच ऐकायचं. तुझ्याकडे आहे ना ती तबकडी?’’

‘‘आहे की!’’ श्रीहरी म्हणाला. हे खोटं नव्हतं. होती. चार होत्या.

खरं सांगून टाकायचं सोडून त्यानं तुकडे बुटांच्या खोक्यात लपवले आणि दुसरी तबकडी शोधायला शहर पालथं घालायचं ठरवलं. अकलेचा कांदा, दुसरं काय!

इंदुरात येऊन त्याला दोन महिनेच झालेले. जुन्या तबकड्या कुठं मिळतात, देव जाणे. संध्याकाळी तो आधी मॉलमधल्या वाद्यांच्या दुकानात गेला. तिथं गिटार होत्या, हेडफोन होते आणि तबकडी म्हणजे काय ते ठाऊक नसलेली एक फार गोड मुलगी होती. शुक्रवारी जुन्या बाजारात ‘‘पुराना रिकॉर्ड कहाँ मिलेगा?’’ असं विचारलं, तर एकानं कचेरीचा रस्ता दाखवला. ‘‘पर ओरिजिनल नी मिलेगा भिया, नकल मिलेगी,’’ असं वर बजावलं. जमिनीचे कागद समजला होता तो. मग एका म्हाताऱ्यानं सांगितलं, इथले जुने लोक तबकडीला ‘तवा’ म्हणत. श्रीहरी हुरूपानं ‘‘पुराने तवे’’ विचारत सुटला आणि भांडीबाजारात जाऊन पोचला.

‘‘डोसे का दूँ कि रोटी का?’’ दुकानदारानं विचारलं.

‘‘गानेवाला.’’

‘‘भिया, तवा गाने लगे तो समझो तेल कम पड़ गया,’’ दुकानदार म्हणाला आणि शेजारच्या दुकानालाही ते मोठ्यानं सांगितलं.

शनिवारी दुपारी तो बडा गणपतीजवळच्या एका दुकानात शिरला. दुकान परेश नावाच्या गृहस्थाचं. लग्नाच्या बँडच्या पिपाण्या नि ढोल, जुने भोंगे, मोडके रेडिओ, सगळं छतापर्यंत रचलेलं. पार्टीत वाजवायचे दिवे लागणारे स्पीकरही होते. तबकडी मात्र एक नव्हती.

‘‘किसका रिकॉर्ड चिये था आपको?’’ परेशनं विचारलं.

‘‘इंदिराजी थी यहाँ एक, गाती थी...’’

‘‘इंदिरा बुआजी? छत्रीबाग वाली?’’ परेशचे डोळे मोठे झाले. ‘‘अरे भिया, उनकी तो आज बैठक है! दौलतरावजी के यहाँ, चार से पाँच.’’

श्रीहरीला कानांवर विश्वास बसेना. बाई हयात! नुसत्या हयात नाहीत, तर गाण्याची बैठक करताहेत! हिंदी त्याला येत होतं, पण सांगलीच्या जावयाला बैठक म्हटलं की तंबोरा, लोड आणि दाद एवढंच आठवणार. माळव्यात ‘बैठक’ कशाला म्हणतात, हे बिचाऱ्याला कुणी सांगावं!

‘‘इस उमर में बैठक?’’ तो भारावून म्हणाला.

‘‘अब उमर का क्या है भिया,’’ परेश उसासा टाकून म्हणाला, ‘‘बैठक तो एक दिन सबकी होनी है.’’

‘‘सबकी?’’

‘‘सबकी. आपकी भी, मेरी भी.’’

काय हे शहर! गल्लीगल्लीत गाणं! श्रीहरीला इंदूरविषयी आदर दाटून आला. तो धावत घरी गेला, मेव्हण्याच्या लग्नातला झेंडूच्या रंगाचा रेशमी झब्बा घातला, मानेला अत्तर चोपडलं. वाटेत एक शाल आणि नारळ घेतला. एवढ्या मोठ्या कलावतीकडे तबकडी मागायची, तर आधी चारचौघांत सत्कार करावा, मग हळूच विषय काढावा, असा बेत होता.

दौलतरावांच्या घरी बाहेर चपलांचा हा ढीग. आत खोलीभर पांढऱ्या चादरी आणि सगळे पुरुष पांढऱ्या कपड्यांत. दर्दी लोकांची शिस्तच वेगळी, असं मनात म्हणून श्रीहरी झेंडूसारखा थेट पुढच्या रांगेत जाऊन बसला. समोर चष्मा लावलेल्या एका म्हातारबाईंचा हार घातलेला फोटो होता, उदबत्ती जळत होती. हे त्याला फारच आवडलं. बैठकीत गुरूंची तसबीर ठेवायची पद्धत हल्ली राहिलीय कुठं! एक काका पेटीवर भजन म्हणत होते.

काकांनी वरच्या पट्टीत एक बरी जागा घेतली आणि श्रीहरीनं मांडीवर थाप मारली. ‘‘वाहवा! क्या बात है!’’

काकांचा सूर हलला. पाच-पन्नास माना वळल्या. आपल्याला जाणकार म्हणून ओळखलं, असं वाटून श्रीहरीनं सगळ्यांना नमस्कार केला. मग शेजारच्या तरुणाकडे झुकला. हा दौलतरावांचा नातू, यशवर्धन.

‘‘बाई कधी येणार?’’ श्रीहरीनं कुजबुजत विचारलं.

‘‘कोण बाई?’’

‘‘इंदिराबाई हो.’’

यशवर्धन त्याच्याकडे बघतच राहिला. ‘‘आत्याआजी? त्या तर गेल्या ना.’’

‘‘गेल्या? इतक्यात? मी तर बरोबर चारला आलो!’’

‘‘नाही, मतलब... परवा सकाळी गेल्या.’’

‘‘अरेरे. मग परत कधी येणार?’’

यशवर्धनचं तोंड उघडं पडलं. त्यानं हार घातलेल्या फोटोकडे बोट दाखवलं. श्रीहरीनं फोटोखालचं नाव वाचलं, पुढचं ‘स्वर्गवास’ वाचलं, इथली बैठक म्हणजे शोकसभा हे उमगलं, आणि त्याच्या अंगातलं रक्त सगळं कानांत जाऊन जमलं. अंगावर तो झब्बा, मानेला अत्तर, मांडीवर नारळ! मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्याला कळलं. खरं तर तिथं मेलेल्या बाईच काय त्या ऐटीत दिसत होत्या.

त्यानं उठून पळायचं ठरवलं. आता माणसानं गुपचूप पळावं की नाही? पण तो उठला नेमका भजन संपल्यावर, आणि उठलेला माणूस म्हणजे दोन शब्द बोलणारा माणूस, असा तिथला रिवाज.

‘‘बोला, बोला ना,’’ कोपऱ्यातून दौलतराव म्हणाले. ऐंशीच्या घरातला माणूस, इंदिराबाईंचा धाकटा भाऊ. ‘‘आप शाल घेऊन आलात. कुठून आलात? बहनजींना कसे ओळखता?’’

श्रीहरीनं नारळ या हातातून त्या हातात घेतला.

‘‘मी... म्हणजे इंदिराबाई आमच्या घरातल्याच होत्या,’’ तो म्हणाला. ‘‘सासूबाईंनी त्यांना लहानपणापासून जपलं. आणि परवा सकाळी...’’ इथं त्याला खरोखरच गहिवरून आलं. ‘‘परवा सकाळी मी त्यांच्यावर बसलो.’’

मागच्या रांगेत कुणीतरी ‘‘राम राम राम’’ म्हणालं.

‘‘किसपे बैठ गए?’’ एका बहिऱ्या आजोबांनी विचारलं आणि शेजाऱ्यानं त्यांच्या कानात मोठ्यानं सांगितलं.

‘‘तबकडीवर! तबकडीवर बसलो हो!’’ श्रीहरी ओरडला. आणि मग बांध फुटल्यासारखं त्यानं सगळं सांगून टाकलं. दुलई, मोजे, बुटांचं खोकं, भांडीबाजार, बैठकीचा घोटाळा, सगळं. ‘‘मला माफ करा. मला लाज वाटते. मी स्वतःला शौकीन म्हणवतो आणि ती तबकडी मी एकदासुद्धा ऐकलेली नाही.’’

दौलतरावांचे खांदे हलायला लागले. रडताहेत असं वाटून श्रीहरी आणखी खचला, पण म्हातारा हसत होता. डोळ्यांतून पाणी गळत होतं ते गळतच होतं.

‘‘बसा,’’ ते म्हणाले. ‘‘अरे, इथं सगळे माझ्या वजहनं आलेत. कोणी बँकेतला, कोणी मोहल्ल्यातला. तुम्ही पहिले आदमी, जे हिच्या गाण्याच्या पीछे आलात.’’ त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. ‘‘एकच रिकॉर्ड झाली तिची. बाबा म्हणाले, झाली हौस, बस. कंपनीनं पैशाच्या बदल्यात तबकड्याच दिल्या होत्या. बिकल्या नाहीत. पलंगाखाली पडल्यात अजून. यश, एक काढून दे यांना.’’

यशवर्धन उठला.

‘‘ठहर. दोन दे,’’ दौलतराव म्हणाले. ‘‘हे बसतात.’’

त्यांनी शाल मागून घेतली आणि स्वतः उठून फोटोला गुंडाळली. ‘‘जिंदगीत हिला शाल नाही दिली कोणी,’’ म्हणाले. श्रीहरीला मान वर करवेना. निघताना पेटीवाल्या काकांनी मात्र त्याला दारात गाठलं आणि हळूच विचारलं, ‘‘वो जो आपने वाहवा किया, वो कौन सी जगह पे था?’’

रविवारी सकाळी सुनंदाबाई आल्या. चहा झाला, सांगलीचं भडंग निघालं आणि त्या पदर सावरून श्रीहरीच्या तबकड्या वाजवायच्या यंत्रासमोर बसल्या. श्रीहरीनं तबकडी लावली. चकती तीच, लाल, नाव तेच. तुकड्यांचं खोकं बुटांच्या मांडणीत, अगदी मागं. कोणाच्या बापाला कळणार नव्हतं.

खरखर झाली आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा कोवळा, टोकदार आवाज खोलीत आला. ‘दिवा विझू दे सावकाशीनं, थांब ना घडीभर दारी.’ श्रीहरी पहिल्यांदाच ऐकत होता. फोटोतल्या चष्म्यामागं हा आवाज होता तर! त्याला पुन्हा लाज वाटली, जरा वेगळी, खोलवरची.

सुनंदाबाई डोळे मिटून बरोबर म्हणत होत्या. ‘‘थांब ना,’’ त्या म्हणाल्या. गाणं पुढं गेलं. ‘‘थांब ना,’’ त्या पुन्हा म्हणाल्या. गाणं दारात पोचलं होतं. ‘‘थांब ना,’’ त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या आणि बोटानं हवेत एक टिचकी मारली. मग त्यांनी डोळे उघडले.

तबकडी न अडखळता वाजत होती.

सुरुचीनं आईकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. श्रीहरी फरशीकडे बघत होता.

‘‘श्रीहरीराव,’’ सुनंदाबाई म्हणाल्या, ‘‘ही कुणाची आणलीत? माझी तिथं अडकते. तीनदा अडकली की बाबा उठून टिचकी मारायचे. मी गाणं तसंच शिकलेय.’’

श्रीहरी उठला, बुटांचं खोकं आणलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं. चोवीस तासांत दुसऱ्यांदा त्यानं सगळं सांगितलं, बैठकीसकट. सुनंदाबाईंनी तुकडे ओच्यात घेतले, जुळवून पाहिले. मग एकेक पदरानं पुसायला लागल्या.

‘‘आई, रागवा ना,’’ श्रीहरी म्हणाला. ‘‘दोन शिव्या तरी द्या.’’

‘‘शिव्यांनी काय होतंय?’’ त्यांनी नाक पुसलं. ‘‘उद्या त्या दौलतरावांकडे न्या मला. आणि आता पुन्हा लावा ते.’’

त्यानं लावलं. गाणं ‘थांब ना’पाशी आलं. सुनंदाबाईंचा आवाज आपोआप अडखळला. आणि केसाएवढ्या ओरखड्याला माल परत पाठवणाऱ्या त्या क्वालिटी मॅनेजरनं, श्वास रोखून, दोन बोटांनी सुई अलगद उचलली आणि एक घर मागं ठेवली. ‘थांब ना.’ पुन्हा उचलली. ‘थांब ना.’ गाणं पुढं गेलं आणि त्यानं कपाळावरचा घाम पुसला.

सुनंदाबाईंनी मान हलवली.

‘‘जमलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण टिचकी राहिली. पुन्हा लावा.’’